सॅम्युअल सी. फिलिप्स

सॅम्युअल कॉक्रन फिलिप्स (१९ फेब्रुवारी १९२१ – ३१ जानेवारी १९९०) हे अमेरिकेच्या वायुदलातील जनरल, विद्युत अभियंता आणि १९६४ ते १९६९ या काळात नासाच्या अपोलो कार्यक्रमाचे संचालक होते. मिनिटमन क्षेपणास्त्राची उभारणी आणि चंद्रावर माणूस उतरवण्याचा प्रकल्प ही दोन अवाढव्य कामे त्यांच्या देखरेखीखाली तडीस गेली. आज प्रणाली अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत ज्या जीवनचक्र प्रक्रिया सांगितल्या जातात, त्यांतील अनेक प्रक्रियांना प्रत्यक्ष कामात घट्ट रूप देणाऱ्यांमध्ये त्यांची गणना होते. अंतराळवीरांची नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. फिलिप्स यांचे नाव मात्र मुख्यतः अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाच्या अभ्यासकांपुरतेच राहिले. त्यांचे काम पडद्यामागचे होते, हे त्याचे कारण.

प्रारंभिक जीवन

फिलिप्स यांचा जन्म अॅरिझोना राज्यातील स्प्रिंगरव्हिल या गावी झाला. त्यांचे बालपण वायोमिंग राज्यातील शायेन येथे गेले. वायोमिंग विद्यापीठातून त्यांनी १९४२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने पदवी हाती पडताच ते सैन्यात दाखल झाले. प्रथम पायदळात नियुक्ती झाली, पण लवकरच ते वायुदलाकडे वळले आणि वैमानिक बनले. इंग्लंडमधील तळावरून लढाऊ विमानाच्या मोहिमांचे दोन कालखंड त्यांनी पूर्ण केले. या कामगिरीबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले.

युद्धानंतर मिशिगन विद्यापीठातून १९५० मध्ये त्यांनी विद्युत अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवी संपादन केली. ओहायोमधील राइट-पॅटरसन तळावर त्यांनी काही वर्षे संशोधन-विकासाचे काम केले. बी-५२ हे बॉम्बफेकी विमान तसेच फाल्कन आणि बोमार्क ही क्षेपणास्त्रे यांच्या विकासाशी त्यांचा संबंध आला. १९५६ मध्ये त्यांची बदली पुन्हा इंग्लंडला झाली. थॉर हे मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र ब्रिटनमध्ये तैनात करण्यासंबंधीचा अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील करार घडवून आणण्यात त्यांचा वाटा होता. विमान उडवणारा, यंत्र समजणारा आणि वाटाघाटीच्या टेबलावर संयमाने बसू शकणारा असा अधिकारी त्या काळी विरळाच होता.

मिनिटमन

१९५९ मध्ये फिलिप्स यांच्याकडे मिनिटमन प्रकल्पाचे संचालकपद आले. घन इंधनावर चालणारे हे आंतरखंडीय क्षेपणास्त्र जमिनीखालच्या काँक्रीटच्या विहिरीत सदैव सज्ज ठेवायचे होते. क्षेपणास्त्राची मूळ कल्पना कर्नल एडवर्ड हॉल यांची. ती मोठ्या संख्येने, ठरल्या वेळेत आणि ठरल्या खर्चात प्रत्यक्षात आणणे हे फिलिप्स यांचे काम ठरले.

हे काम किती अवघड होते, हे समजण्यासाठी त्या काळच्या कार्यपद्धतीकडे पाहावे लागते. जनरल बर्नार्ड श्रीव्हर यांच्या नेतृत्वाखाली वायुदलाने समांतर विकासाची पद्धत अवलंबली होती. क्षेपणास्त्राचा आराखडा पूर्ण होण्याआधीच त्याच्या विहिरी खोदल्या जात, उपकरणांचे उत्पादन सुरू होई आणि ती चालवणाऱ्यांचे प्रशिक्षणही आरंभले जाई. यात वेळ वाचे. पण एका ठिकाणी केलेला लहानसा बदल दहा ठिकाणी अडचण निर्माण करी. घराचा नकाशा मंजूर झाल्यावर गवंड्याने आपल्या सोयीने खिडकी हातभर रुंद केली आणि सुताराने जुन्या मापाचीच चौकट आणली, तर जे होईल तेच येथे हजारो सुट्या भागांच्या बाबतीत होत होते. फरक इतकाच, की येथे गवंडी, सुतार आणि लोहार वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि एकमेकांपासून शेकडो मैल दूर होते. मिनिटमनचा पहिला टप्पा थायोकोल कंपनीचा, दुसरा एरोजेटचा, तिसरा हर्क्युलिसचा, मार्गदर्शन यंत्रणा ऑटोनेटिक्सची आणि जुळणी बोइंगची होती. याआधीच्या क्षेपणास्त्रांच्या अपयशी चाचण्या तपासताना अभियंत्यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. उडालेले क्षेपणास्त्र नेमके कसे होते, हेच कोणाला खात्रीने सांगता येत नव्हते, कारण कागदावरचे रेखाचित्र आणि प्रत्यक्षातील यंत्र यांचा मेळ बसत नव्हता.

या गोंधळावरील उपाय कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट या नावाने ओळखला गेला. त्याचे बीज विमान कंपन्यांच्या कारखान्यांत आधीपासून होते. फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा विस्तार करून त्याला संपूर्ण प्रकल्पाच्या नियंत्रणाचे साधन बनवले. तत्त्व साधे आहे. प्रत्येक टप्प्याच्या अखेरीस आराखड्याची एक अवस्था अधिकृत म्हणून गोठवायची. तीच पुढच्या कामाची आधाररेषा. त्यानंतर कोणालाही, कितीही ज्येष्ठ असला तरी, मंडळाच्या मंजुरीवाचून बदल करता येत नाही. बदलाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्याचा खर्च, त्याला लागणारा वेळ आणि इतर भागांवर होणारा परिणाम लिहून द्यावा लागतो. यामुळे अभियंत्याचा बदल आणि हिशेबनिसाचा खर्च प्रथमच एकाच कागदावर आले. फिलिप्स यांच्या पद्धतीचे खरे बळ या जोडणीत होते, असे म्हणावे लागते. तांत्रिक निर्णय आणि पैशाचा निर्णय वेगळा ठेवला की दोन्ही हाताबाहेर जातात, हे त्यांनी ओळखले होते.

१ फेब्रुवारी १९६१ रोजी मिनिटमनचे पहिले उड्डाण झाले. एकेक टप्पा स्वतंत्रपणे उडवून पाहण्याचा रिवाज बाजूला ठेवून तिन्ही टप्पे आणि मार्गदर्शन यंत्रणा यांसह संपूर्ण क्षेपणास्त्र पहिल्याच चाचणीत उडवले गेले आणि ती चाचणी यशस्वी झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विहिरीतून केलेल्या पहिल्या प्रक्षेपणात मात्र क्षेपणास्त्राचा स्फोट झाला. नोव्हेंबरमध्ये ती चाचणीही साधली. ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्यूबाच्या पेचप्रसंगाच्या ऐन धामधुमीत, पहिली मिनिटमन क्षेपणास्त्रे माँटाना राज्यात सज्ज झाली. दरम्यान १९६१ मध्ये, वयाच्या चाळिशीत, फिलिप्स ब्रिगेडियर जनरल झाले होते.

याच सुमारास वायुदलाने आपल्या अनुभवाला नियमपुस्तिकांचे रूप देण्यास आरंभ केला. ३७५ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकेत कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट, प्रकल्प व्यवस्थापन आणि प्रणाली अभियांत्रिकी यांची कार्यपद्धती टप्प्याटप्प्याने मांडलेली आहे. संकल्पना, व्याख्या, संपादन आणि वापर असे प्रणालीच्या आयुष्याचे भाग त्यात पाडले होते. या पुस्तिका वाचायला रुक्ष आणि पाळायला जाचक होत्या, अशी टीका त्या वेळीही झाली आणि ती निराधार नव्हती.

अपोलो

१९६३ च्या उत्तरार्धात नासाच्या मानवी अंतराळ उड्डाण विभागाची सूत्रे जॉर्ज म्युलर यांनी हाती घेतली. अपोलो कार्यक्रम वेळेच्या मागे पडत होता आणि १९६९ पूर्वी चंद्रावर पोहोचणे कठीण दिसत होते. म्युलर यांनी वायुदलाकडे फिलिप्स यांची मागणी केली. जानेवारी १९६४ मध्ये ते उपसंचालक म्हणून आले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये संचालक झाले. आपल्याबरोबर त्यांनी प्रकल्प नियंत्रणाचा अनुभव असलेले अनेक वायुदल अधिकारी आणले.

नासाची घडण वायुदलापेक्षा वेगळी होती. ह्यूस्टन, हंट्सव्हिल आणि केप येथील केंद्रे आपापल्या परंपरांचा अभिमान बाळगणारी होती. हंट्सव्हिल येथे वेर्नर फोन ब्राउन यांचे रॉकेटतज्ज्ञ वर्षानुवर्षे एकत्र काम करत आले होते आणि परस्परविश्वास हेच त्यांचे नियंत्रण होते. वॉशिंग्टनहून आलेल्या फॉर्मांवर आणि मंडळांवर त्यांनी नापसंती दाखवावी, हे स्वाभाविक होते. संशोधनात लवचीकता हवी आणि आराखडा आधीच गोठवला तर सुधारणेला वाव राहत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपात तथ्य होते. पण तीन केंद्रे, हजारो कंत्राटदार आणि काही लाख माणसे यांना केवळ ओळखीच्या आणि विश्वासाच्या धाग्याने बांधता येत नाही, हेही तितकेच खरे होते. मे १९६४ मध्ये नासाने अपोलोसाठी कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची नियमपुस्तिका जारी केली. तिचा पाया वायुदलाच्या पुस्तिकेचा होता.

म्युलर यांच्या रचनेनुसार मुख्यालयात प्रकल्प नियंत्रण, प्रणाली अभियांत्रिकी, चाचणी, विश्वासार्हता व गुणवत्ता आणि उड्डाण कार्य असे पाच विभाग होते. प्रत्येक केंद्रात तेच पाच विभाग पुन्हा उभे केले गेले. त्यामुळे वॉशिंग्टनमधील गुणवत्ताप्रमुखाला ह्यूस्टनमध्ये नेमके कोणाशी बोलायचे, हे ठाऊक असे. या चौकटीत फिलिप्स यांनी आढाव्यांची एक साखळी बसवली. आराखडा कागदावर असताना प्राथमिक आढावा, उत्पादनाला परवानगी देण्याआधी निर्णायक आढावा, पहिली वस्तू तयार झाल्यावर ती कागदाशी ताडून पाहण्याची तपासणी, मग संपूर्ण आराखड्याचे प्रमाणन आणि शेवटी उड्डाणापूर्वीचा सज्जता आढावा. प्रत्येक उंबरठ्यावर कोणीतरी नावानिशी सही करून जबाबदारी घ्यायची.

फिलिप्स अहवाल आणि अपोलो १ ची आग

१९६५ च्या अखेरीस नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीचे काम चिंतेचा विषय झाले. अपोलोचे आज्ञायान आणि सॅटर्न ५ रॉकेटचा दुसरा टप्पा ही दोन्ही कामे तिच्याकडे होती आणि दोन्ही रेंगाळत होती. फिलिप्स स्वतः तज्ज्ञांचे पथक घेऊन कॅलिफोर्नियातील कारखान्यांत गेले. १९ डिसेंबर १९६५ रोजी त्यांनी कंपनीचे प्रमुख ली ॲटवुड यांना पत्रासह निष्कर्ष पाठवले. विलंब, वाढता खर्च, सदोष कारागिरी आणि ढिसाळ व्यवस्थापन यांचा त्यात सविस्तर पाढा होता. म्युलर यांना लिहिलेल्या स्वतंत्र टिपणात त्यांनी कंपनीच्या नेतृत्वावर आपला विश्वास उरला नसल्याचेही नोंदवले. कंपनीने सुधारणा केल्या. काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा प्रगती दिसली. प्रकरण मिटल्यासारखे झाले.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप येथे जमिनीवरील सरावादरम्यान अपोलो १ च्या आज्ञायानाला आतून आग लागली. गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले. यानात वातावरणाच्या दाबाहून किंचित अधिक दाबाचा शुद्ध प्राणवायू भरलेला होता, आत जळाऊ पदार्थ मुबलक होते आणि दार आतल्या बाजूला उघडणारे असल्याने वाढलेल्या दाबात ते उघडणे अशक्य झाले. रॉकेटमध्ये इंधन नसल्याने ही चाचणी धोकादायक या वर्गात धरलीच गेली नव्हती.

चौकशी मंडळाने जे नोंदवले, त्यातील एक तपशील फिलिप्स यांच्या जीवनकार्याशी थेट भिडतो. आज्ञायान नासाच्या ताब्यात आले तेव्हा ११३ महत्त्वाचे अभियांत्रिकी आदेश अमलात यायचे राहिले होते. ताब्यात आल्यानंतर आणखी ६२३ आदेश निघाले. त्यांपैकी अलीकडचे २२ आदेश तर अपघाताच्या वेळी कॉन्फिगरेशनच्या नोंदींत चढलेलेच नव्हते. पद्धत कागदावर होती, पण जमिनीवर पुरती रुजली नव्हती, हे या आकड्यांतून दिसते.

सिनेटच्या सुनावणीत सिनेटर वॉल्टर मोंडेल यांनी १९६५ च्या अहवालाचा प्रश्न उपस्थित केला. नासाचे प्रशासक जेम्स वेब यांना त्याची पुरेशी माहितीच नव्हती. त्यांची अडचण झाली आणि नासा काही लपवत आहे असे चित्र निर्माण झाले. पुढे अहवाल उघड झाला आणि वृत्तपत्रांनी तो फिलिप्स यांच्या नावानेच प्रसिद्ध केला. सिनेट समितीने मात्र अहवालातील त्रुटींचा आगीशी संबंध जोडला नाही. या निष्कर्षाकडे केवळ सारवासारव म्हणून पाहणे योग्य नाही. शुद्ध प्राणवायूच्या धोक्याचा अहवालात विचारच नव्हता. तो निर्णय फार आधी झाला होता, बुध आणि जेमिनी यानांत निभावला होता आणि अधिकृत आधाररेषेचा भाग बनला होता. फिलिप्स यांची यंत्रणा आधाररेषेपासून ढळलेल्या गोष्टी शोधून काढीत असे. आधाररेषाच चुकीची असेल तर काय, हा प्रश्न तिने विचारला नाही. प्रणाली अभियांत्रिकीच्या अभ्यासकांना या घटनेतील हा भाग सर्वांत अस्वस्थ करणारा वाटायला हवा.

आगीनंतर यान मुळापासून सुधारले गेले. दार बाहेर उघडणारे केले, प्रक्षेपणस्थळी यानात प्राणवायू आणि नायट्रोजन यांचे मिश्रण भरण्याचे ठरले आणि ज्वलनशील साहित्य काढून टाकले. ह्यूस्टन येथे यानाचे काम पाहणाऱ्या जॉर्ज लो यांनी बदल-मंडळाला नवी धार दिली. जून १९६७ ते जुलै १९६९ या काळात ते मंडळ ९० वेळा भरले, १,६९७ बदलांवर विचार झाला आणि १,३४१ बदल मंजूर झाले. बदल थांबवण्यासाठी ही पद्धत आहे, हा जुना आक्षेप किती एकांगी होता, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

चंद्राकडे

सॅटर्न ५ च्या बाबतीत म्युलर यांनी मिनिटमनप्रमाणेच संपूर्ण रॉकेट एकाच वेळी उडवण्याचा आग्रह धरला होता. फिलिप्स यांनी तो अंमलात आणला. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी अपोलो ४ चे उड्डाण निर्दोष झाले. ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ ने मात्र सर्वांना जमिनीवर आणले. रॉकेट उभ्या दिशेने थरथरले, दुसऱ्या टप्प्यातील पाचपैकी दोन इंजिने बंद पडली आणि तिसरा टप्पा पुन्हा पेटला नाही. बंद पडलेल्या दोन इंजिनांपैकी एक निर्दोष होते. तारांची जोडणी उलटी झाल्याने बिघडलेल्या इंजिनाला दिलेली बंद होण्याची आज्ञा चांगल्या इंजिनाला पोहोचली होती.

दोष शोधून दूर केले गेले. ऑगस्ट १९६८ मध्ये लो यांनी एक धाडसी सूचना पुढे केली. चंद्रावर उतरणारे यान तयार होण्यास विलंब होत होता, तेव्हा त्याच्यावाचूनच अपोलो ८ थेट चंद्राच्या कक्षेत पाठवावे, अशी ती सूचना होती. वेब आणि म्युलर त्या वेळी व्हिएन्नाला होते. फिलिप्स यांनी केंद्रप्रमुखांची मते घेतली, कोणत्या गोष्टी सिद्ध झाल्या आहेत आणि कोणत्या व्हायच्या आहेत याची छाननी केली आणि सूचनेला पाठिंबा दिला. तरीही अंतिम निर्णय अपोलो ७ च्या निकालापर्यंत राखून ठेवला गेला. सावध आणि कागदप्रिय समजल्या गेलेल्या या माणसाने कार्यक्रमातील सर्वांत धाडसी निर्णयाला हात दिला, यात विसंगती नाही. यानाची स्थिती नेमकी ठाऊक असल्यामुळेच हा धोका मोजता आला. २१ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो ८ निघाले आणि सुखरूप परतले. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्रावर उतरले.

उत्तरायुष्य

अपोलो ११ नंतर फिलिप्स वायुदलात परतले. लॉस एंजेलिस येथील अंतराळ आणि क्षेपणास्त्र संघटनेचे प्रमुखपद, १९७२-७३ मध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे संचालकपद आणि त्यानंतर वायुदलाच्या सिस्टिम्स कमांडचे नेतृत्व अशी पदे भूषवून ते १९७५ मध्ये पूर्ण जनरल म्हणून निवृत्त झाले. पुढे टीआरडब्ल्यू कंपनीत ते वरिष्ठ पदावर होते. स्मिथसोनियन संस्थेने त्यांना लँग्ली पदक दिले.

त्यांच्या हयातीतच त्यांनी वापरलेल्या पद्धतींचे मानकांत रूपांतर होऊ लागले. प्रणाली अभियांत्रिकीच्या व्यवस्थापनाचे लष्करी मानक १९६९ मध्ये निघाले, १९७४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. २००२ मध्ये आयएसओ/आयईसी १५२८८ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले आणि २००८, २०१५ व २०२३ मध्ये त्याच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. गरज ओळखण्यापासून प्रणाली मोडीत काढण्यापर्यंतच्या प्रक्रिया त्यात दिल्या आहेत आणि कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट ही त्यांतील एक स्वतंत्र प्रक्रिया आहे. अर्थात हे मानक एका माणसाची निर्मिती नव्हे. दूरध्वनी, विमान, संगणक अशा अनेक क्षेत्रांतील अनुभव त्यात मिसळलेला आहे.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान नष्ट होऊन सात अंतराळवीर दगावले. नासाने आपल्या व्यवस्थापनाच्या तपासणीसाठी पासष्टीतल्या फिलिप्स यांना पुन्हा बोलावले. वीस वर्षांपूर्वी उभे केलेले मजबूत मुख्यालय मधल्या काळात सैल झाले होते आणि एखाद्या केंद्राकडेच कार्यक्रमाची सूत्रे सोपवली जात होती. फिलिप्स यांच्या अभ्यासगटाने ही सूत्रे पुन्हा वॉशिंग्टनकडे आणण्याची शिफारस केली. अंतराळ स्थानकाच्या प्रकल्पाचे कार्यालय त्यानंतर राजधानीजवळ, व्हर्जिनियातील रेस्टन येथे हलवण्यात आले.

कर्करोगाने ३१ जानेवारी १९९० रोजी कॅलिफोर्नियातील पालोस व्हर्डेस इस्टेट्स येथे फिलिप्स यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी बेटी ॲन आणि तीन मुली होत्या.